घरी लेकरू सांभाळणं म्हणजे बसून खाणं का?

चिमीचा बाबा, दारव्हा तालुका
गावच्या ग्रुपवर परवा पडलं: "आमच्या मायनं लेकरू झोळीत टाकून कापूस वेचला. आता धट्टेकट्टे माणसं घरी बसून एक पोट्टं सांभाळतात अन् त्याले नातं जोडणं म्हणतात." रोख माझ्यावर होता. ग्रुपवर दोन ओळींत उत्तर मावणार नाही, म्हणून इथे लिहितो.

बायको आरोग्य सेविका आहे. चार एकर वावर मक्त्यानं दिलं आणि चिमी अकरा महिन्यांची असल्यापासून मी घरी आहे. आता ती अडीच वर्षांची होईल. नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा तिची गडवी तिच्याच हातात लागते. अर्धं पाणी सांडते, तरी भरायची तिनंच. आंघोळीला आधी पाय, मग हात, डोकं शेवटी. हा क्रम सापडायला मला चार महिने लागले. तोवर रोज रडारड व्हायची, आता डोक्यावर पाणी घ्यायच्या आधी स्वतःच डोळे मिटते. दुपारी मी डाळ निवडतो, ती शेजारी बसून खडे काढते. संध्याकाळी एसटीचा हॉर्न ऐकला की माझी चप्पल आणून देते, कारण त्या गाडीनं तिची आई येते. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी तिनं गडवी हातात घेतली नाही. तेवढ्यावरून मी ओळखलं की पोरीचं काहीतरी बिनसलंय. अंगाला हात लावला तर ताप होता. हे बसून होत नाही.

धुऱ्यावरचा कास्तकार
मीच टाकलं होतं ते, लपवत नाई. लेकराले वेळ देऊ नका असं मी कुठं म्हटलं? पण दिवाळीनंतर पऱ्हाटी पांढरी होते अन् वेचणीले माणूस भेटत नाई. एक पाऊस झाला का सारा कापूस कवडी. गावातला जवान माणूस वेण्या घालत रायला तर आमी कोणाले बोलवाव? आमी चौघं भाऊ धुऱ्यावरच वाढलो. काय बिघडलं आमचं?

मजुराची लेक
काय बिघडलं ते तुमच्या मायला विचारलं का कधी? मजुरी किलोवर असते. लेकराला पाजायला बसलं की तेवढा कापूस कमी भरतो. आमचा धाकटा बाभळीच्या झोळीत असायचा आणि मी सहा वर्षांची त्याला झोके द्यायची. दिवाळी ते संक्रांत माझी शाळा बुडाली ती याच्यापायी. माय आजही म्हणते, "हा चालायले कधी लागला ते मले आठवतच नाई." हे सांगताना तिचा गळा दाटतो. तिच्यापुढं दुसरा मार्गच नव्हता. तिची लाचारी तुमच्या पोस्टीत अभिमान म्हणून मिरवू नका.

दोन पोरांची आई
बाबांनी केलं म्हणून एवढा मोठा धागा. हेच मी सात वर्षं करते आहे, सासऱ्यांचं पथ्यपाणी सांभाळून. कोणी कधी विचारलं नाही.

चिमीचा बाबा
ताई, तुमचं खरं आहे. माझी आईही हेच करायची आणि मला ते दिसलं नव्हतं.

अंगणवाडीताई
2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय, मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. पण आम्हाला लोक खिचडी वाटणाऱ्या बायाच समजतात. तीन वर्षांखालच्या लेकरांचा आहार घरी जातो, लेकरू आमच्याकडे बसत नाही. मोठी बसतात, तर अंगणवाडी दुपारी सुटते आणि वेचणी दिवस मावळेपर्यंत चालते. मधल्या वेळेचं काय, याचं उत्तर कोणी देत नाही.

मजुराची लेक
उत्तर कायद्यात होतं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवायची आणि तिला मजुरी द्यायची.

धुऱ्यावरचा कास्तकार
कागद नका दाखवू. नाला खोलीकरणावर मी स्वतः दोन उन्हाळे होतो. लेकरं मातीच्या ढिगाऱ्यावर खेळत. सांभाळणारी बाई म्या एक दिवस पाह्यली नाई.

मजुराची लेक
मग तेव्हा मागितली का नाही?

धुऱ्यावरचा कास्तकार
मागणाऱ्याची हजेरी कापत होते! तुमी शहरात बसून प्रश्न इचारता. अन् माह्या वावराले तो कायदा लागतच नाई.

मजुराची लेक
मी शहरात नाही, याच मातीत राहते. कायदा लागत नाही तर स्वतः करा. आठ बाया वेचायला येतात, त्यातली एक सावलीत लेकरांजवळ बसवा. मजूर मिळत नाही म्हणता ना? लेकरू सांभाळलं जातं म्हटल्यावर बाया तुमच्याच वावरात येतील.

धुऱ्यावरचा कास्तकार
मजुरी किलोवर. सावलीतल्या बाईचं कोणत्या काट्यावर मोजू?

अंगणवाडीताई
बाकी सातजणींची त्या दिवशीची सरासरी काढा आणि तेवढी तिला द्या. रोज बाई बदलू नका मात्र. लेकरू ओळखीच्या हातानं जेवतं, नवा हात दिसला की तोंड फिरवतं.

चिमीचा बाबा
हे अगदी खरं. चिमी अजून आजीच्या हातानं भात खात नाही. आजी पंधरा दिवसांतून एकदा येते.

धुऱ्यावरचा कास्तकार
बरं बाप्पा. या वेचणीत एक बाई ठेवून पाह्यतो, पण परवडलं तरच पुढं. वावर मक्त्यानं देऊन घरी रायनं मले पटलं नाई अन् पटणार बी नाई. पोस्ट काढत नाई मी. "घरी बसून" एवढे दोन शब्द काढतो.