शब्दचर्चा : ‘शीतरक्ती’, ‘शीतजलीय’ आणि ‘चयापचय’

प्रश्न : ट्राउट माशावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात लागोपाठ येतं, ‘पाणी तापलं की माशाचा चयापचय वाढतो’ आणि ‘माशाची वाढ खुंटते’. वाचणारा अडखळेल. आणि ‘शीतरक्ती’, ‘शीतजलीय’ हे एकच ना?

प्रतिसाद १ : नाही. शीतजलीय म्हणजे गार पाण्यात राहणारा : ट्राउट, सामन. शीतरक्ती म्हणजे ज्याचं अंग भोवतालच्या पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं. रोहू शीतरक्ती आहे, शीतजलीय नाही. २५ ते ३० अंशांच्या तळ्यात तो छान वाढतो. त्या तळ्यात त्याचं रक्तही कोमटच असतं, म्हणून मला ‘शीतरक्ती’ हा शब्दच खटकतो. ‘बाह्यतापी’, म्हणजे अंगाची ऊब बाहेरून घेणारा, हा बरा.

प्रतिसाद २ : चयापचयाची फोड करा, अडचण तिथेच सुटते. चय + अपचय. ‘संचय’ मधला तोच चय : जमवणं, अंग धरणं. अपचय म्हणजे मोडणं, जाळणं. ‘चयापचय वाढतो’ म्हटलं की सगळा व्यवहार वाढला एवढंच कळतं, शिल्लक कळत नाही. पाणी १० अंशांनी तापलं तर नुसतं जगण्याचा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. तो भागवून खाण्यातलं उरेल त्यातून वाढ. वर तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २० अंशांना ९. गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो.

मत्स्यशास्त्रज्ञ ब्रेट आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सॉकाय सामनच्या पिल्लांवर जे दाखवलं ते मला फार मोलाचं वाटतं. पोटभर खाणं असताना पिल्लं १५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने वाढली. खाणं रोज वजनाच्या दीड टक्क्यावर आणलं, तर सर्वांत चांगली वाढ ५ अंशांच्या आसपास! कमी खाणं असेल तर गार पाण्यातच पदरात काही उरतं. तेव्हा ‘अनुकूल तापमान’ लिहिताना खाणं किती होतं, तेही लिहा.

प्रतिसाद ३ : ‘बाह्यतापी’ सरसकट सगळ्या माशांना लावू नका. आपला कुपा, म्हणजे ट्यूना, पोहताना स्नायूंत तयार झालेली ऊब रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात अडवून ठेवतो.

प्रश्नकर्ती : मग वाक्य असं करते : ‘पाणी फार तापलं की ट्राउटचा जगण्याचाच खर्च इतका वाढतो, की अंगी लागायला थोडंच उरतं.’

प्रतिसाद २ : ‘अंगी लागणं’ अगदी नेमकं. तेच ठेवा.