मदत हवी आहे: परदेशी पाहुण्यांना गोव्यातला बसप्रवास कसा समजावून सांगावा?

नमस्कार मंडळी,

भाचा जर्मनीत असतो. त्याच्या घरमालकीणबाई आणि त्यांचे यजमान, दोघंही साठीच्या पुढचे, डिसेंबरात गोव्यात येताहेत. आधी आमच्याकडे म्हापशाला, मग हरमल, पाळोळे, गोकर्ण आणि शेवटी हंपी. परतीचं विमान मोपाहून. अट एकच, टॅक्सी नको, जमेल तितकं बसने. दोघं ठणठणीत आहेत, तेव्हा 'कशाला त्रास, गाडी करून द्या' हा सल्ला कृपया नको. वास्कोहून हंपीजवळच्या होसपेटला अमरावती एक्स्प्रेस जाते हेही माहीत आहे. बसच हवी!

अडचण अशी की बाईंनी मेल करून म्हापसा-हरमल बसचं वेळापत्रक मागवलंय. मी रोज म्हापसा-पणजी करतो, पण वेळापत्रक कधी बघितलंय? कदंबची (म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची) शटल असेल तर खिडकीवर तिकीट काढून रांगेत उभं राहायचं, खासगी असेल तर जिचा कंडक्टर दारात लोंबकळत 'पणजी पणजी पणजी' करतोय तिच्यात चढायचं. गाडी भरली की सुटते. 'फुडें वच' म्हटलं की पुढे सरकायचं. हे त्यांना मेलमध्ये कसं लिहू?

आतापर्यंत एवढं लिहिलंय: मोपाला उतरल्यावर कदंबची एसी बस मिळते. सुटे पैसे जवळ ठेवा, पाचशेची नोट काढली तर कंडक्टर आधी नोटेकडे बघतो, मग तुमच्याकडे. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्या दिवशी सामान घेऊन निघू नका. अंधार पडल्यावर किनाऱ्याकडच्या गावांच्या गाड्या विरळ होतात, रविवारी तर दिवसाही.

माझे प्रश्न: दोन मोठ्या सॅक घेऊन खासगी मिनीबसमध्ये चढू देतात का? पाळोळेहून गोकर्णला जायला पुन्हा मडगावला यायला हवं का? आणि हंपीसाठी रात्रीची स्लीपर बरी की टप्प्याटप्प्याने दिवसा? कर्नाटकात मी स्वतः बसने फार फिरलेलो नाही.

प्रतिसाद: खिडकीची सीट

सॅकचं टेन्शन घेऊ नका. ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनच्या झाकणावर किंवा मागच्या सीटमागे टाकतात. कधी सामानाचे वेगळे पैसे मागतात, द्यायचे. फक्त सकाळी ऑफिसच्या आणि संध्याकाळी सुटीच्या वेळेला जाऊ नका म्हणावं, तेव्हा आपल्यालाच एका पायावर उभं राहावं लागतं. दुपारी अकरा ते तीन उत्तम. सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या नकाशात 'आरांबोल', 'अंजुना', 'कानाकोना' असेल आणि कंडक्टर ओरडणार हरमल, हणजूण, काणकोण. दोन्ही नावं एका कागदावर लिहून द्या. वेळापत्रकापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

प्रतिसाद: घाटवाट

मडगावला परत कशाला? पाळोळेहून काणकोणच्या चावडीवर (तिथला मुख्य बाजार) या, मडगावहून कारवारला जाणारी गाडी तिथूनच जाते. कारवारला उतरून गोकर्णची थेट मिळाली तर ती, नाहीतर अंकोल्याला बदला.

आणि गोकर्णहून हंपीला जायला गोव्यात यायचीच गरज नाही. अंकोला, यल्लापूर करत हुबळी, तिथून होसपेट. होसपेट स्टँडवरून हंपीला सारख्या गाड्या असतात, अंतर तेरा-एक किलोमीटर. हुबळीत बसस्थानकं एकाहून जास्त आहेत, म्हणून होसपेटची गाडी कुठून सुटते ते आधीच्या गाडीच्या कंडक्टरलाच विचारून ठेवायचं. आणखी एक, आपल्या खासगी गाड्यांच्या पाट्या रोमन लिपीत असतात म्हणून ते निभावून नेतील. एसटीची पाटी मराठीत, कर्नाटकच्या गाडीची कानडीत. तिथे पाटी वाचत बसायचं नाही, चौकशीच्या खिडकीवर जायचं.

स्लीपरबद्दल माझं स्पष्ट मत: साठीच्या माणसांनी नको. वरचा बर्थ असेल तर शिडी चढायची, गाडीत बहुधा संडास नसतो, आणि घाटात रात्रभर लोळण. घ्यायचीच झाली तर खालचा डबल बर्थ दोघांना मिळून घ्या, म्हणजे शेजारी अनोळखी माणूस येणार नाही. शिवाय पिकअप पॉइंट तिकिटावर असतो तोच. खासगी गाड्या एसटी स्टँडवर येतीलच असं नाही.

प्रतिसाद: बांद्याचो

सीमा ओलांडताना बाटली नको, एवढं नक्की बजावा! परदेशी लोक आठवण म्हणून फेणी घेतात. नाक्यावर अबकारीवाले गाडीत चढून बॅगा तपासतात, मग एका बाटलीपायी अख्खी गाडी खोळंबते आणि सगळे त्या दोघांकडे बघत बसतात.

आणि तुमच्याकडे राहणार आहेत ना? मग परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा फॉर्म, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात, तो माहीत आहे ना? परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत ऑनलाइन भरावा लागतो, फक्त हॉटेलवाल्यांनाच नाही, घरवाल्यांनाही. बसचं नंतर बघा.

प्रतिसाद: खिडकीची सीट

@बांद्याचो, हे बरं आठवलं. ऑनलाइन तिकिटाचंही तसंच आहे. परदेशी कार्ड चालेल याचा भरवसा नाही आणि ओटीपी भारतीय मोबाइलवर येतो. लांबची तिकिटं तुम्हीच काढून त्यांना पाठवा. पासपोर्टवर आहे तेच नाव टाका, प्रवासात पासपोर्ट वरच्या खिशात.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सी फॉर्मचं डोक्यातच नव्हतं, आज रात्रीच बघतो. गोकर्ण-हुबळी रस्ता पटला, म्हणजे मडगावचा फेरा वाचला. बाईंना लिहितोय की वेळापत्रक मिळणार नाही, गावांच्या नावांचा कागद मिळेल. त्या काय उत्तर देतात बघू.

आता एकच राहिलं. गोकर्णहून एका दिवसात हंपी म्हणजे त्यांना जड जाईल, हुबळीत एक रात्र काढावी म्हणतो. स्टँडच्या जवळ साधं, स्वच्छ, गरम पाणी असलेलं लॉज कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तळमजल्यावर खोली किंवा लिफ्ट हवी, यजमानांचे गुडघे तेवढे दुखतात.