अकरावीत एपी घ्यावे की कम्युनिटी कॉलेजचा वर्ग?

प्रश्न (पालक, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

नमस्कार. माझी मुलगी येथील पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत असून ऑगस्टमध्ये अकरावीत जाईल. तिला गणिताची मनापासून आवड आहे आणि प्रीकॅल्क्युलस या वर्षी पूर्ण होत आहे. पुढच्या वर्षी शाळेतच एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेत शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) कॅल्क्युलस बीसी घ्यावे, की ओलोनी या येथील कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) नाव नोंदवून कॅल्क्युलस तेथे शिकावे, याचा निर्णय आम्हाला घ्यायचा आहे. दोन्ही मार्ग खुले असल्याचे काउन्सेलरनी सांगितले, पण कोणता का निवडावा हे उमगलेले नाही. आम्ही दोघेही महाराष्ट्रात शिकलो आणि अकरावी-बारावीलाच कॉलेज म्हणत आलो, त्यामुळे शाळेत असताना पदवीची क्रेडिट्स (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) मिळवणे ही कल्पनाच आमच्यासाठी नवी आहे. अनुभवी पालकांनी व शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (पालक, सॅन होजे)

आमची दोन्ही मुले या मार्गाने गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दोन्हींतला खरा फरक गुण कसे नोंदले जातात यात आहे. एपीमध्ये क्रेडिट मिळेल की नाही हे मे महिन्यातल्या एका परीक्षेवर ठरते. तिचे गुण १ ते ५ असे असतात, ३ किंवा अधिक गुणांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया क्रेडिट देते, आणि परीक्षा मनासारखी गेली नाही तर ते गुण कळवायचे की नाही हे बहुतेक ठिकाणी मुलांच्याच हातात राहते. कॉलेजच्या वर्गात मात्र मिळालेली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) कायमची उमटते. पुढे मेडिकलला अर्ज करायचा झाल्यास हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेजच्या वर्गांचे ट्रान्सक्रिप्टही द्यावे लागते आणि त्या ग्रेड सरासरीत धरल्या जातात. सोळाव्या वर्षी मिळालेला एखादा ‘सी’ बाविसाव्या वर्षी समोर उभा राहतो, हे फार थोड्या पालकांना आधी कोणी सांगते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर कॉलेजच्या वर्गाचे लाभही मोठे आहेत. येथील कम्युनिटी कॉलेजांची फी प्रति युनिट (वर्गाचे क्रेडिट मोजण्याचे माप) ४६ डॉलर असली तरी हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना ती बहुधा माफ असते. पुस्तके आणि काही किरकोळ शुल्के तेवढी भरावी लागतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे ट्रान्सफर होणारा (म्हणजे तेथे ग्राह्य धरला जाणारा) किमान तीन सेमिस्टर युनिटांचा वर्ग हायस्कूलच्या एका वर्षाइतका धरला जातो, आणि एपीप्रमाणेच त्यालाही सरासरीत जादा गुण मिळतो. मात्र कोणता वर्ग ट्रान्सफर होतो हे ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. नुसत्या नावावर विसंबू नये. राज्याबाहेरची अनेक खासगी विद्यापीठे, जो वर्ग हायस्कूलच्या डिप्लोमासाठी आधीच मोजला गेला आहे त्याला क्रेडिट देत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

उत्तर २ (गणिताचे अध्यापक, कम्युनिटी कॉलेज)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण या मुलीपुरता माझा सल्ला स्पष्ट आहे: अकरावीत एपी कॅल्क्युलस बीसी शाळेतच घ्यावे आणि कॉलेजचा मार्ग बारावीसाठी राखून ठेवावा. बीसीमध्ये कॉलेजच्या साधारण दोन सेमिस्टरांचा भाग वर्षभरात, रोजच्या ओळखीच्या शिक्षकांसमोर, सावकाश होतो. कॉलेजात तोच वेग अंगावर येतो, आणि डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात तर सुमारे १२ आठवड्यांत विषय संपतो. बीसीनंतर पुष्कळ शाळांत शिकवायला गणितच उरत नाही, तेव्हा बहुचल कलनशास्त्र (अनेक चलांचे कॅल्क्युलस) आणि रेषीय बीजगणित या विषयांसाठी कॉलेज खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. ज्यांना गणित आवडते अशी हायस्कूलची मुले माझ्या या वर्गांत बसतात तेव्हा प्रश्न विचारण्याची त्यांची भूक पाहून मला मनापासून आनंद होतो. केवळ अर्ज सजवण्यासाठी आलेली मुले मात्र पहिल्या परीक्षेनंतर खचतात, आणि ते पाहवत नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बारावीचा विचार पटला. एकच शंका: कॉलेजात ती मागे पडू लागली, तर आम्हाला प्राध्यापकांशी बोलता येईल का?

उत्तर २ (गणिताचे अध्यापक)

बहुधा नाही. १९७४ च्या ‘फेर्पा’ या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात शिकू लागला की त्याच्या तेथील नोंदींवरचा हक्क त्याच्याकडे जातो, मग त्याचे वय १८ पेक्षा कमी का असेना. करासाठी मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेज माहिती देऊ शकते, पण तसे बंधन कॉलेजवर नाही. म्हणून ऑफिस अवर्समध्ये (प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी ठेवलेल्या वेळेत) स्वतः जाऊन अडचण मांडण्याची सवय तिने याच वर्षी शाळेतल्या शिक्षकांपासून सुरू करावी. वर्ग सोडायचाच झाला तर कधीपर्यंत सोडल्यास नोंद राहत नाही आणि कधीपासून ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (वर्ग सोडल्याची खूण) लागतो, या दोन्ही तारखा तिने पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवाव्यात.

उत्तर १ (पालक, सॅन होजे)

नोंदणीबद्दल एक भर घालतो. कॉलेजच्या अर्जासोबत पालकांची व शाळेची संमती असलेला वेगळा फॉर्म लागतो, आणि नियमित विद्यार्थ्यांच्या जागा जाऊ नयेत म्हणून हायस्कूलच्या मुलांची नोंदणी सर्वांत शेवटी उघडते. संध्याकाळच्या सोयीच्या तुकड्या तोवर भरलेल्या असतात. त्यामुळे अकरावीच्या वसंतातच काउन्सेलरची सही घेऊन ठेवा आणि दोन-तीन पर्यायी तुकड्या निवडून ठेवा.