चाक ‘घरंगळतं’ की ‘फिरतं’? आणि लॉक झालेलं चाक काय करतं?

वंगण: दुचाकीस्वारांसाठी ब्रेकवरची पुस्तिका मराठीत करतोय. मुद्दा असा, की चाक न घसरता पुढे जातंय तोवर ब्रेक नीट लागतो, लॉक झालं, म्हणजे ब्रेकने फिरायचंच थांबलं, की ताबा सुटतो. मी लिहिलं, ‘चाक न घसरता घरंगळते’. तपासणाऱ्यांनी ‘घरंगळते’ खोडलं. मग काय लिहावं?

ओळंबा: खोडलं ते योग्यच. घरंगळतो तो उतारावरून सुटलेला धोंडा. त्या शब्दातच ताबा सुटलेला आहे, आणि तुम्हाला नेमकं उलट सांगायचंय. ‘फिरत पुढे जाते’ लिहा.

कणाद७: ‘फिरत’ने भागत नाही. चिखलात रुतलेल्या एसटीचं चाकही गरागरा फिरतं, गाडी तसूभर हलत नाही. न घसरता जाणं म्हणजे एका फेऱ्यात बरोबर परिघाइतकं अंतर कापणं. १७ इंची रिमवर १००/९० मापाचा टायर असेल तर साधारण १.९ मीटर. चिखलात फेरे होतात, अंतर शून्य. लॉक झाल्यावर अंतर कापलं जातं, फेरे शून्य. न घसरता जाताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी स्थिर असतो, म्हणून तिथे स्थितिक घर्षण (पृष्ठभाग एकमेकांवर घसरत नसतानाचं) मिळतं. त्याची कमाल मर्यादा गतिक घर्षणापेक्षा (घसरतानाच्या) जास्त असते. सगळी गोम इथेच आहे.

ओळंबा: मग लॉक झालेलं चाक ‘फरफटतं’ म्हणा. इतका नेमका शब्द असताना ‘घसरतं’ कशाला?

शुद्धमती: आणि ‘लॉक’ कशाला? ‘अवरुद्ध’ आहे की.

पाना१४: ‘अवरुद्ध’ वाचून कुणी ब्रेक सोडणार नाही! गॅरेजात ‘जाम’ म्हणतात, पण तोही इथे चालणार नाही. जाम झालेलं चाक लिव्हर सोडली तरी सुटत नाही. बेअरिंग गेलेलं असतं किंवा कॅलिपरचा पिस्टन अडकलेला असतो. लॉक झालेलं चाक लिव्हर सोडताच पुन्हा फिरतं. स्वाराला हा फरक कळलाच पाहिजे. ‘लॉक’च ठेवा.

कणाद७: खरं तर ‘न घसरता’ हेही काटेकोर नाही. टायर रबरी असल्याने ब्रेक लागताना थोडा सरकतोच. कोरड्या डांबरी रस्त्यावर सर्वांत जास्त पकड साधारण १० ते २० टक्के सरकीला, म्हणजे चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा तेवढा कमी असताना, मिळते. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) चाकाला त्याच्याच आसपास ठेवतं. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे. म्हणजे ‘सरकणे’ आणि ‘घसरणे’ वेगळे ठेवा: सरकलं तर चालतं, घसरलं की गेलं.

शुद्धमती: ‘घसरणे’ घर्षणातूनच आलं ना? मग घर्षण कमी झालं की घसरतं, हे कसं?

ओळंबा: ‘घासणे’ घृष् धातूचं, हे मान्य. ‘घसरणे’ला केवळ आवाजावरून त्याच कुळात बसवू नका. आणि ‘सरकी’ म्हणजे कापसाचं बी. ‘सरक’ म्हणा.

पाना१४: पुस्तिकेत आकडा तरी द्या. ताशी ६० किमी वेगात घर्षणांक (टायर-रस्त्याची पकड किती ते सांगणारा आकडा) ०.७ धरला तर ब्रेक लागल्यापासून थांबायला सुमारे २० मीटर लागतात. पावसात ०.४ धरला तर ३५. आणि ‘घर्षणाने गाडी थांबते’ एवढंच लिहू नका, घर्षण दोन जागी आहे. पॅड आणि डिस्कमधलं चाकाला थांबवतं, टायर आणि रस्त्यामधलं गाडीला. पॅडवर तेल पडलं तर पहिलं जातं, रस्त्यावर तेल सांडलं तर दुसरं.

शुद्धमती: ‘फरफटणे’ मला खटकतंय. फरफटायला कुणीतरी ओढणारं लागतं.

ओळंबा: ओढते ती गाडीच, जडत्वाने.

पाना१४: मागच्या चाकाला ‘फरफटतं’ शोभतं. पुढचं लॉक झालं तर फरफटायला वेळच मिळत नाही. सगळं घर्षण घसरण्याच्या उलट दिशेला खर्ची पडतं, आडवी पकड उरत नाही. मग हँडल वळवूनही गाडी वळत नाही आणि क्षणात आडवी होते. दोन्ही चाकांना एकच क्रियापद लावू नका.