शब्दचर्चा : ‘मिटवा’, ‘झाका’ की ‘घडी घाला’?

रावेर : केळीच्या रोगांवर मराठीत वेबपान करतोय. करपा, हरण्या, चरका अशी शीर्षकं. शीर्षकावर बोट टेकवलं की खालचा मजकूर उघडतो, पुन्हा टेकवलं की आत जातो. उघडायला ‘उघडा’ लिहिलं. आत घालायला ‘मिटवा’ लिहिलं आणि फसलो. आमचं गाव बुऱ्हाणपूरच्या अंगाला, तिकडच्या हिंदीत ‘मिटाना’ म्हणजे पुसून टाकणं. काका विचारतात, “हे दाबलं तं सम्दं पुसलं जाईन का?”

धुळे : काका चुकले नाहीत, आणि दोष एकट्या हिंदीचाही नाही. पुस्तक, छत्री, डोळे आपण मिटतो. भांडण आणि खुणा मिटवतो. तुम्हाला ‘मिटा’ हवं होतं. पण बुऱ्हाणपूरच्या कानाला तेही ‘मिटा दो’च ऐकू येणार.

जळगाव : ‘विस्तारित करा, संकुचित करा’ नको, तहसीलचं पत्र वाटतं. ‘उलगडा’ कसं? केळीचा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, उलगडतो तसं.

धुळे : पोंगा एकदा उलगडला की परत सुरळी होत नाही, तुमचा मजकूर मात्र होतो. शिवाय बटणावर नुसतं ‘उलगडा’ म्हणजे कोड्याचं उत्तर.

अमळनेर : ‘घडी घाला’ छान आहे, पण त्याची जोडी काय? ‘घडी मोडा’ म्हटलं की आमच्या घरी नवी साडी निघते! नाम म्हणून मात्र ‘घडी’ ठेवा. ‘करप्याची घडी’ लगेच कळतं.

नाशिक (मूळचा चोपड्याचा) : खरी अडचण ‘उघडा’तच आहे. ‘विभाग उघडा’ ही आज्ञा, की विभाग उघडा आहे ही बातमी? बटणावरचा शब्द क्रिया सांगतोय की अवस्था, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. म्हणून प्रत्येक घडीवर क्रियापद लिहूच नका. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचे ‘डिटेल्स’ आणि ‘समरी’ हे टॅग २०२० पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतात. शीर्षकच बटण होतं, शेजारी त्रिकोण येतो, आणि घडी उघडी आहे की बंद ते स्क्रीन रीडर (अंधांना पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सांगतो. शब्द लागेल तो फक्त वरच्या, सगळ्या घड्या एकदम हलवणाऱ्या बटणाला.

धुळे : मग तिथे ‘सगळी माहिती उघडा’ लिहा. विशेषण असतं तर ‘उघडी’ झालं असतं, म्हणजे ही आज्ञाच.

रावेर : तसंच केलं. जोडीला ‘सगळी माहिती झाका’. काकांनी काही न विचारता दाबलं, परत उघडलं आणि हरण्यावर जाऊन थांबले.