मदत हवी आहे : शेजाऱ्यांनी दिलेले हरणाचे मांस खावे का?

नमस्कार. आम्ही अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, डेन काउंटीत राहतो. आमचे शेजारी दर नोव्हेंबरात हरणाची शिकार करतात आणि यंदा त्यांनी पांढऱ्या कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून, मांसाची चार पाकिटे आम्हाला मोठ्या प्रेमाने दिली आहेत. या राज्यात २००२ सालापासून हरणांना खंगवून मारणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा रोग आढळतो. त्याला कारणीभूत असलेले प्रिऑन हे विकृत प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या वाढवूनही उपयोग नाही. शिवाय बाधित हरीण कित्येक महिने धडधाकट दिसते, त्यामुळे ‘जनावर तगडे होते’ एवढ्यावर मला विसंबवत नाही. माणसाला हा रोग झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे.

चाचणी डोक्याजवळच्या लसिकाग्रंथींवरून होते आणि शेजाऱ्यांनी डोके तपासणीला दिले होते की नाही, हे मला ठाऊक नाही. आपल्यापैकी कोणी येथे शिकार करत असल्यास कृपया सांगावे : निकाल येईपर्यंत आपण मांस कसे ठेवता, खाटीक प्रत्येक हरणाचे मांस वेगळे ठेवतो याची खात्री कशी करता, आणि शेजाऱ्यांचे मन न दुखावता ही विचारणा कशी करावी?