सव्वा महिन्यात अंग खरंच पूर्वीसारखं होतं का?

नवी_आई_देवगड

नमस्कार सगळ्यांना. माझं पहिलंच बाळंतपण, नॉर्मल झालं पण टाके आहेत, आता तिसरा आठवडा चालू आहे आणि मी माहेरी देवगडला आहे. बाळ छान आहे, दूध पण येतंय, पण माझ्याच अंगाचं काही कळत नाहीये. पोट अजून पाचव्या महिन्यासारखं दिसतं. सुरवातीला पाजायला बसलं की ओटीपोटात कळ यायची ती आता गेली, पण अंगावरून जाणं थांबत आलंय म्हणता म्हणता काल जरा जास्त उठबस झाली तर परत लाल दिसलं. शिंक आली की थोडी लघवी होते, हे तर घरात सांगायलाही लाज वाटते. आई आणि आजी मनापासून करतायत, तेल, शेक, धुरी, अळिवाची खीर सगळं, पण आजी म्हणते पाणी कमी पी नाहीतर पोट सुटेल, आणि पोटाला जुनं लुगडं इतकं घट्ट बांधतात की जेवल्यावर दम लागतो. सव्वा महिना पाळलास की सगळं पहिल्यासारखं होईल असं सगळ्याच म्हणतात, खरंच होतं का? बाहेर धो धो पाऊस, कपडे वाळत नाहीत, दिवसभर त्याच खोलीत, कधी कधी उगाच रडू येतं.

सिस्टर_रत्नागिरी

अगं आधी अभिनंदन! मी बरीच वर्षं प्रसूतिकक्षात नर्स आहे म्हणून नीट सांगते. बाळ झाल्या झाल्या गर्भपिशवी साधारण १ किलोची असते आणि बेंबीपाशी हाताला लागते, मग रोज बोटभर खाली जाते, १० ते १४ दिवसांत ओटीपोटाच्या हाडामागे दिसेनाशी होते आणि ६ आठवड्यांत ६०-७० ग्रॅमवर येते. पाजताना कळ यायची ती याचसाठी, बाळ ओढायला लागलं की ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि पिशवी आवळते. म्हणजे आता तुला जे पोट दिसतंय ती पिशवी नाही, ते ताणलेले स्नायू आणि कातडी आहे, त्याला काही महिने लागतात.

अंगावरून जाणं पहिले ३-४ दिवस लाल, मग तपकिरी गुलाबी, साधारण १० दिवसांनंतर पिवळट पांढरं, असं ४ ते ६ आठवडे चालतं. जास्त काम झालं की मध्येच थोडं लाल येतं, त्याचा अर्थ पडून राहा एवढाच. पण तासाभरात पॅड भरला, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, घाण वास आला किंवा ताप १०० च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नकोस. डोकं भयंकर दुखून डोळ्यापुढे अंधारी येणं, एकच पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं किंवा श्वास लागणं, यात तर सरळ १०८ ला फोन. बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंत बीपी वाढू शकतं, गरोदरपणी नॉर्मल होतं तरीही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव.

आणि पाणी भरपूर पी गं! दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं. पाण्याने पोट सुटत नाही, उलट पाणी कमी पडलं की शौचाला कडक होतं, जोर लावावा लागतो आणि तो टाक्यांवर येतो, लघवीचं इन्फेक्शन होतं ते वेगळंच.

दापोलीची_मावशी

बाय, आजीचं सगळंच खोडू नको हां. तिच्या काळात सुईणीच्या हातावर बायका बाळंत व्हायच्या, सव्वा महिना चुलीपासून आणि विहिरीपासून लांब ठेवणं हीच बाईला मिळणारी सुट्टी होती, ती तू पुरेपूर घे. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, नाचणी, अळीव, डिंकाचे लाडू, हे सगळं खा. मुडदुशे मासे मिळाले तर हलके असतात, खुशाल खा. मोरी, म्हणजे शार्क मासा, मात्र दुधाला चांगली म्हणून आपल्याकडे हमखास आणतात, पण मोठ्या मोरीत पारा साठतो, पाजत्या बाईने ती टाळलेली बरी.

लुगडं बांधायचं तर आधार वाटेल इतकंच. घट्ट बांधलं की सगळा दाब खाली जातो, त्याने लघवीचा त्रास वाढतो.

आता कळकळीने सांगते ते शेगडीचं. पाऊस म्हणून दारं खिडक्या लावून खाटेखाली निखारे ठेवतात ना, ते अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आई आणि बाळ झोपेतच बेशुद्ध होतात. शेक हवा तर गरम पाण्याच्या पिशवीने घे. धुरीचा धूर बाळाच्या छातीलाही चांगला नाही. आणि कापड वापरत असशील तर ओलसर कधीच नको, या दिवसांत सरळ पॅड घे, टाके कोरडे राहायला हवेत.

अलिबागकर_१२

माझं सिझर होतं म्हणून थोडं वेगळं. वरची जखम आठवड्या-दीड आठवड्यात मिटते पण आतले थर भरायला कितीतरी महिने जातात, टाक्याच्या आजूबाजूला बधीरपणा तर मला खूप दिवस होता. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे पाण्याची कळशी, ओल्या कपड्यांची बादली काहीच नाही.

शिंकेला लघवी होते त्यात लाजण्यासारखं काही नाही, खूप जणींना होतं, फक्त कोणी बोलत नाही. लघवी रोखल्यासारखं आतून आवळायचं, ५ सेकंद धरायचं, सोडायचं, असं १० वेळा, दिवसातून तीनदा, श्वास न रोखता. लघवी करताना मात्र करायचं नाही. साधारण ३ महिने नेटाने कर. पोटाचा व्यायाम इतक्यात सुरू करू नकोस, आधी डॉक्टरांना पोटाच्या स्नायूंमधली फट बघायला सांग, दोन बोटांपेक्षा जास्त असेल तर फिजिओथेरपिस्ट लागतो. आणि तिसऱ्या चौथ्या महिन्यात केस मुठीने गळतील, घाबरू नको, वर्षभरात परत येतात.

नवी_आई_देवगड

किती बरं वाटलं वाचून, खरंच. आजीला पाण्याचं पटवते, शेगडी आज बाहेर काढतोय. सिस्टर, आशाताईंनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात, त्या एकत्र घेतल्या तर चालतं का? आणि किती दिवस घ्यायच्या?

सिस्टर_रत्नागिरी

एकत्र नको, कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. मध्ये दोन तास तरी जाऊ देत, लोहाच्या गोळीबरोबर चहाही नको, लिंबूपाणी चालेल. दोन्ही गोळ्या १८० दिवस, संडास काळी झाली तरी बंद करायच्या नाहीत. आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात, टाके आणि लघवीचं त्यांना मोकळेपणाने सांग, आणि सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नकोस. तेव्हाच पाळणा लांबवण्याचं पण विचारून घे, पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात. उगाच रडू येतं लिहिलंयस, पहिले दोन आठवडे ते बहुतेकींना येतं, तुझा तिसरा चालू आहे म्हणून तपासणीपर्यंत न थांबता या आठवड्यातच डॉक्टरांना सांग. रात्री-अपरात्री फार जड वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.